आमची वाटचाल : पाटी बदलली, दुरुस्ती तीच

आमच्या दुकानाची पाटी आजवर पाच वेळा रंगवून झाली. वडिलांच्या काळात ‘रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्ती’ होतं. पुढे त्यात टीव्ही शिरला. १९९२ साली मी ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ लिहायला सांगितलं, तेव्हा पेंटरनं ब्रश खाली ठेवून विचारलं, “इचलकरंजीत कुणाकडं हाय ते?” त्याचं काही चुकलं नव्हतं. माझ्या माहितीत गावात तेव्हा अकरा मशीन होती. त्यातली दोन बंद, आणि त्या दोनांतलं एक माझंच. नंतर पाटीवर लॅपटॉप आला, मग सीसीटीव्ही. ‘दुरुस्ती’ हा शब्द मात्र दर वेळी राहिला आणि त्यावरून घरात वादही झाले. मुलगा म्हणतो, ‘सोल्यूशन्स’ लिहू. मी आहे तोवर नाही.

मी इंजिनिअर नव्हे, आयटीआयचा रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. नाद लागला तो एका जुन्या २८६ कॉम्प्युटरमुळे. एक एमबी रॅम, चाळीस एमबीची डिस्क. एक सूत व्यापारी ते भंगारात घालणार होता, मी सायकलच्या कॅरियरला बांधून आणलं. एसएमपीएसमधला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातला, फ्यूज आणि डायोड गेले होते, म्हणजे टीव्हीवाल्याच्या हातचं काम. रात्री दोनला पडद्यावर ‘सी’ आणि त्याच्यापुढचा बाण दिसला तेव्हा वडिलांना उठवून दाखवला. ते म्हणाले, “ह्याच्यावर गाणी लागतात का?” नाही म्हटल्यावर जाऊन झोपले.

हत्यारं फार नव्हती. सोल्ड्रॉनचं २५ वॉटचं आयर्न, टपारियाचा स्टार स्क्रू-ड्रायव्हर, वडिलांचा काट्याचा मल्टिमीटर आणि शाळेतलं खोडरबर. खोडरबराला हसू नका. मशीन चालू केलं, लांब बीप वाजतेय, पडदा काळा. दहातल्या सात वेळा रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसायच्या, परत खटकन बसवायची, मशीन चालू. गिऱ्हाईक म्हणतं, “एवढंच? आणि पन्नास रुपये?” पन्नास रुपये पुसायचे नसतात, काय पुसायचं ते कळण्याचे असतात. हे वाक्य मी तीस वर्षं ऐकवतोय, अजून कुणाला पटलेलं नाही.

दुसरीकडे मशीन धुळीनं मरतात, आमच्याकडे सुतानं. मागाच्या शेडला लागूनच दिवाणजीचं ऑफिस. कॅबिनेट उघडलं की पंख्यावर कापसाच्या लवेची गादी. ती काढल्यावर पंखा फिरतो आणि मग मशीन आपोआप बंद पडायचं थांबतं. दुसरा आजार अर्थिंगचा. मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थमध्ये लावा, तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर नवं मशीन त्या प्लगला लावू नका. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असतो, तो उन्हाळ्यात सुकतो. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एक बादली पाणी ओता. शंभर माग चालवणारा मालक तुळशीला पाणी घालतो, खड्ड्याला घालत नाही आणि मदरबोर्ड जळाला की फोन मला करतो.

तर एप्रिल. १९९९. दुकानात तेव्हा दोन पोरं होती, चौदा एएमसी (वार्षिक देखभालीचे करार) होत्या. दोन पतसंस्था, एक सायझिंग (सुताला खळ लावायचा कारखाना), बाकी सूतवाले. आणि प्रेसवाले आप्पा. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं. छपाईचे शिशाचे खिळे जुळवून हयात गेलेला माणूस, ५८व्या वर्षी मराठी फाँटचं श्रीलिपी आणि पानं मांडायचं पेजमेकर शिकला. मला ‘इंजिनिअर’ म्हणायचे. थट्टेनं की खरंच, ते मी कधी विचारलं नाही. त्यांना एकदा सांगितलं होतं की दर शनिवारी डिफ्रॅग लावायचं, फाइलींचे तुकडे एकाजागी येतात. आप्पांनी ते मारुतीला तेल घालण्याच्या श्रद्धेनं केलं. शनिवारी संध्याकाळी डिफ्रॅग लावायचे आणि ते रंगीत चौकोन सरकताना समोर बसून बघायचे. मी मनात हसायचो.

२६ एप्रिलला सोमवार होता. नऊ वाजता पहिला फोन: मशीन मध्येच अडकलं, बंद-चालू केलं तर काही येत नाही. दहापर्यंत सहा फोन. दुपारी दुकानाबाहेर रिक्षांत कॅबिनेट. एकूण ३१. काहींची डिस्क कोरी, आणि नऊ मशीनचा पडदाच काळा; पंखा फिरतोय, बीपसुद्धा नाही. बीप नाही म्हणजे खोडरबराचं काम नाही. मी पहिल्यांदा घाबरलो तो त्या बीप न येण्याला.

सीआयएच व्हायरस. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताच्या तारखेला फुटला म्हणून त्याला चेर्नोबिलही म्हणतात. तैवानच्या चेन इंग-हाउ नावाच्या विद्यार्थ्यानं लिहिलेला, जेमतेम एक केबीचा. विंडोज ९५-९८ च्या प्रोग्रॅम फाइलींत ज्या रिकाम्या फटी असतात त्यांत जाऊन बसायचा, त्यामुळे फाइलीचा आकार वाढत नसे आणि शंका येत नसे. तारीख आली की डिस्कचा सुरुवातीचा साधारण एक एमबी पुसायचा आणि जमलं तर बायॉसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चिपमध्ये कचरा भरायचा. आमच्या भागात ४३० टीएक्स चिपसेटचे बोर्ड खूप होते. तिथे त्याला जमलं.

बायॉस मेला तर पाठवायचं कुठं? मुंबईत लॅमिंग्टन रोडला चिप लिहून मिळायची, पण जायला-यायला दोन दिवस आणि नऊ मशीन. मग ते केलं जे आज कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. तसाच एक जिवंत बोर्ड घेतला. त्याच्या चिपखालून ४० काउंटच्या सुताचा दोर ओवला, चिप अर्धवटच बसवली. फ्लॉपीवरून डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टीम, चालू केलं, आधी त्याच्याच बायॉसची नक्कल फ्लॉपीवर घेतली. डॉस वर आलं की बायॉसची रॅममध्ये नक्कल असते, चिपची गरज संपते. मशीन चालू असतानाच सूत सरळ वर ओढून चिप काढायची, मेलेली चिप खाच बघून तिथे बसवायची आणि लिहायचा हुकूम द्यायचा. त्या अर्ध्या मिनिटात वीज गेली किंवा चिप उलटी बसली तर दोन्ही गेले. आठ चिप जगल्या. नववी उलटी बसवली ती मीच, रात्री तीनला. त्या बोर्डाचे पैसे अर्थात मी भरले.

डिस्कचं गणित वेगळं. ज्यांच्याकडे फॅट३२ (डिस्कवर फाइली मांडायची नवी पद्धत) होतं, त्यांची फाइलींच्या तुकड्यांची यादी डिस्कवर दोनदा असते आणि दुसरी प्रत पहिल्या एमबीच्या पलीकडे राहिली, ती बऱ्याच ठिकाणी वाचली. आप्पांची डिस्क जुन्या फॅट१६ वर होती. तिथे दोन्ही याद्या मिळून पाव एमबीच, त्या दोन्ही गेल्या. भर लग्नसराईत दोनशेवर पत्रिकांचं मॅटर आत. मी आप्पांना सांगितलं की आशा सोडा. ते म्हणाले, “शनिवारी मी डिफ्रॅग केलं होतं, इंजिनिअर.” आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. फोल्डरच्या नोंदी डेटात असतात, त्या शाबूत होत्या. नोंदीत फाइल कुठून सुरू होते आणि केवढी आहे ते लिहिलेलं असतं. तुकडे कुठे-कुठे पडलेत ते गेलेल्या यादीत असतं. पण डिफ्रॅग केलेल्या डिस्कवर तुकडेच नव्हते! सुरुवात धरायची आणि मोजून तेवढं सलग उचलायचं. डिस्क एडिटरमध्ये आकडे वाचत मी आणि आप्पांचा मुलगा चार रात्री बसलो. २४० पैकी २१४ फाइली निघाल्या. दर शनिवारच्या त्या रंगीत चौकोनांना मी पुन्हा हसलो नाही.

आता चौकातले गृहस्थ. नाव लिहीत नाही. १९९६ ला माझ्याच काउंटरवर जंपर कसा बदलायचा ते शिकले, ९८ ला चौकात दुकान टाकलं. त्याची तक्रार नाही, शिकलेल्यानं कमवावंच. पण मंगळवारी सकाळी चहाच्या गाड्यावर त्यांनी सांगितलं की व्हायरस ‘तिकडच्या दुकानातल्या फ्लॉपीतून’ गावभर गेला. गुरुवारी त्यांच्या दारात बोर्ड: ‘येथे व्हायरसमुक्त कॉम्प्युटर मिळतील.’

आणि जे मी इतकी वर्षं एका माणसाखेरीज कुणाला बोललो नाही, ते आता लिहितो. गुरुवारी रात्री मी माझी ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर-कार्डांचे प्रोग्रॅम असलेली, फ्लॉपी तपासली. तिच्यात सीआयएच होता. साडेतीन इंचीची कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी असली की तिच्यावर काही लिहिलं जात नाही, बंद असली की लिहिलं जातं. माझी बंद होती. एका फाँटची फाइल टाकायला कधीतरी सरकवली, परत उघडायची राहिली. सर्व्हिसची नोंदवही काढली. ३१ पैकी बारा ठिकाणी ती फ्लॉपी घातलेली. बाकी एकोणीस मशीनना तिचा स्पर्शही नव्हता, गेमच्या सीड्या गावात ढिगानं फिरत होत्या. पण बारा माझे.

आप्पांना सांगितलं. त्यांचं मशीन त्या बारातलंच होतं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “गावाला सांगत बसू नकोस. सगळ्यांचं फुकट करून दे.” तसं केलं. डिस्का उधारीवर आणल्या, सगळी ३१ मशीन मजुरी न घेता दिली. गाव म्हणालं, फुकट करतोय म्हणजे याचंच पाप आहे! चौदा एएमसींच्या पाच झाल्या. एक पोरगा सोडून गेला. दुकानाचा पुढचा अर्धा भाग एसटीडी बूथला भाड्यानं दिला आणि दोन वर्षं मी त्या काचेच्या खोक्यामागे बसून काम केलं. गिऱ्हाइकाला वाटायचं मी फोनची बिलं फाडायला बसलोय.

चौकातल्यांबद्दल एकच राहिलं. त्यांच्याकडेही माझ्याच फ्लॉपीची कॉपी होती. त्यांचेही दोन बोर्ड मेले. शुक्रवारी रात्री साडेदहाला मागच्या दारानं ते पिशवीतून घेऊन आले. मी सूत ओवून दोन्ही चिप लिहून दिल्या. दीडशेप्रमाणे तीनशे सांगितले, त्यांनी दोनशे ठेवले, उरलेले सोमवारी देतो म्हणाले. ‘व्हायरसमुक्त’चा बोर्ड त्यांच्या दारावर दिवाळीपर्यंत होता.

शंभर रुपये अजून यायचेत.

पुढची वर्षं बरी गेली. पतसंस्था परतल्या, बूथ स्वतःच बंद पडला. २००३ पासून काही वर्षं मदरबोर्डांवरच्या फुगलेल्या कपॅसिटरांनी दुकान पोसलं. कपॅसिटर बदलताना व्होल्टेज वरचं चालतं, खालचं नाही, एवढं लक्षात ठेवा. एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा कंपनीचा पाठिंबा संपला, तरी एका सायझिंगमध्ये २०२१ पर्यंत एक्सपीच होतं आणि ते कधी बंद पडलं नाही, हे कंपन्यांना आवडणार नाही. याच धंद्यातून कुठवर जाता येतं हेही बघितलं. अँटीव्हायरसवाल्या क्विक हीलचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीतूनच वर आले. मी तेवढा गेलो नाही. मला रात्री फोन आला की टपारिया घेऊन निघायला आवडतं.

आता बायॉस लिहायला काही शे रुपयांचा सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप लिहायचं यंत्र) मिळतो. चिपला चिमटा लावायचा, दहा मिनिटांत काम. मुलगा लिहिताना फोनवर रील बघत असतो. सूत ओवायची गोष्ट त्याला सांगितली तर म्हणाला, “बाबा, रिस्क किती!” लॅपटॉपची रॅमसुद्धा आता बऱ्याचदा बोर्डालाच जोडलेली असते, खोडरबर घासणार कशावर? तरी ड्रॉवरमध्ये एक आहे.

आप्पा २०११ ला गेले. प्रेस मुलगा चालवतो, तोच, ज्यानं माझ्याबरोबर चार रात्री आकडे वाचले. २१४ फाइली वाचल्या, पण गेलेल्या २६ फाइलींत माझ्या बिलबुकाचं मॅटर होतं. ते त्याच आठवड्यात आप्पांनी स्वतः घाईत परत टाइप केलं. आता बिल जीएसटीसकट मशीनमधूनच निघतं, तरी वर्षाला पाच बुकं मी अजून मागवतो. दर बुकावर, वरच्या ओळीत, ‘दुरुस्ती’तला दुसरा उकार दीर्घ पडलाय: ‘कॉम्प्युटर दुरूस्ती’. मुलगा दर वर्षी विचारतो, काका, हे नीट करू का? मी म्हणतो, राहू दे.