काळं पडलेलं मटण

मे महिन्यात सिन्नरच्या पूर्वेचा पट्टा पार करपून जातो. त्या भागातल्या एका मेंढपाळबाबांचा सकाळीच फोन आला. "डॉक्टर, मटणवाला म्हणतो तुमचे बोकड आजारी व्हते, मटण काळं निघालं. पैशे कापून घेतले त्यानं."

आजाराचा संशय म्हटल्यावर मी आधी नाशिकमधलं ते दुकान गाठलं. आदल्या दिवशीची एक मांडी फ्रीजमध्ये शिल्लक होती. जांभळट, काळपट, बोटाला कोरडी आणि चिकट. शेजारीच निफाडकडच्या बोकडाची मांडी होती, तीही आदल्या दिवशीचीच, छान लालसर. दोन्हींचा सामू, म्हणजे आम्लपणाचा आकडा, मोजला; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त. निफाडच्या मांडीचा ५.७ च्या आसपास, बाबांच्या बोकडाचा ६ च्या बराच वर.

दुपारी कळपात गेलो. ताप नाही, हगवण नाही, डोळे स्वच्छ. पण कमरेवर हात ठेवला की मणक्यांची टोकं बोटांना टोचत होती. दिवसभर भटकून पोटात जायचं ते वाळकं कुसळ आणि थोडा बाभळीचा पाला. बोकड डांबरी रस्त्यापर्यंत चालवत नेले, टेम्पोत दाटीवाटीनं भरले आणि रात्रभर उपाशी बांधून ठेवले, हेही बाबांनीच सांगितलं.

उलगडा तिथंच झाला. जिवंतपणी स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे ताकदीसाठीची साखर, साठलेली असते. कापल्यानंतर त्याचं लॅक्टिक आम्ल होतं आणि सामू ७ वरून साधारण २४ तासांत ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. उपासमार आणि धावपळीत हा साठा आधीच संपला, तर आम्ल बनणार कशातून? मटण काळपट राहतं, पाणी धरून ठेवतं आणि लवकर खराब होतं. आपल्याकडे मटण सकाळी कापून दुपारपर्यंत संपतं, म्हणून हे सहसा कुणाच्या ध्यानातच येत नाही. रोगाचा इथं काही संबंध नव्हता, आणि त्या माणसाच्या कळपावर तो शिक्का बसलेला मला बघवेना.

"चराई बंद करू का मग?" बाबांनी विचारलं. मुळीच नाही. हिरव्या चाऱ्यावरच्या मटणात ओमेगा-३ जास्त असतं, ते कशाला घालवायचं? विकायच्या बोकडांनाच, दोन महिने आधीपासून, संध्याकाळी परतल्यावर मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, थोडा कोंडा आणि खनिज मिश्रण द्यायला सांगितलं. मुठीपासून सुरुवात करून हळूहळू पाव किलोपर्यंत. एकदम भरडा घातला तर पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकतं. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणाऱ्या रोगाची, लसही आधी टोचून घेतली.

पुढची खेप गेली तेव्हा मी दुकानात हजर होतो. या वेळी बोकड रात्री पाणी पिऊन सावकाश उतरवले होते. मटण लाल, गुर्द्याभोवती पांढरी चरबी. दुकानदार खूश झाला, पण भाव मात्र जिवंत वजनावरचाच, तोच जुना. पुढच्या खेपेला सोललेल्या वजनावर सौदा करायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं, आणि बाबांना वजनकाटा सोबत न्यायला सांगितलं.