सोनकिड्यांच्या पंखांचा ड्रेस

लहानपणी आम्ही परभणीकडं शेतात बाभळीवरचे सोनकिडे धरून काडेपेटीत ठेवायचो, सोबत थोडा बाभळीचा पाला, आणि अंडी घातली का म्हणून घडीघडी पेटी उघडून बघायची. ते हिरवं चमकणं, उन्हात धरलं की निळसर दिसायचं. परवा मोबाईलवर एलेन टेरी या इंग्रज नटीचं चित्र बघितलं अन् तेच चमकणं दिसलं! १८८८ साली लंडनच्या लायसियम थिएटरात शेक्सपिअरच्या नाटकातली लेडी मॅकबेथ करताना तिनं घातलेला हिरवा ड्रेस, त्यावर किड्यांचे जवळपास हजार पंख शिवलेले. सार्जंट नावाच्या चित्रकारानं तिला त्याच ड्रेसमध्ये, दोन्ही हातांनी मुकुट डोक्यावर धरलेली रंगवलीय.

मग रात्रभर तिच्याबद्दलच वाचत बसले. नाटकवाल्यांच्याच घरातली पोर, आईबाप गावोगाव खेळ करणारे. नऊ वर्षांची असताना, १८५६ ला, पहिल्यांदा लंडनच्या स्टेजवर. त्याच वर्षी शेक्सपिअरच्याच नाटकातल्या पक नावाच्या खोडकर भुताचं काम करताना स्टेजच्या झडपेत पायाचं बोट अडकून मोडलं, ती ओरडायला लागली, तर मालकीणबाई म्हणल्या नाटक पूर्ण कर, पगार दुप्पट करते, आणि त्या लेकरानं तसंच पूर्ण केलं. मी स्वतः स्पर्धेच्या नाटकात काम करते, आमच्या तालमीला येणारी लेकरं डोळ्यासमोर आली अन् पोटात कालवलं.

सतराव्याच्या आत लग्न, नवरा चित्रकार वॉट्स, वय सेहेचाळीस. वर्षभरातच वेगळे झाले. पुढं गॉडविन नावाच्या आर्किटेक्टसोबत लग्न न करता राहिली, दोन लेकरं झाली, नाटक सुटलं. लोक काय बोलले असतील ते सांगायला नको. घरात जप्तीवाले येऊन बसलेले, आणि एक दिवस रस्त्यात गाडीचं चाक निखळलं, तिथंच चार्ल्स रीड हा जुना ओळखीचा नाटककार भेटला, म्हणला स्टेजवर परत ये. हिनं सांगितलं, आठवड्याला चाळीस पौंड देणार असाल तर येते. तो म्हणला ठरलं! मला तं हाच प्रसंग सगळ्यात जास्त आवडला, लेकरं पदरात, दारात कर्ज, तरी बाईनं आपला भाव कमी सांगितला नाही.

१८७८ पासून हेन्री आयर्विंग या नटासोबत वीसेक वर्षं लायसियम गाजवलं. आपल्याकडं त्या काळात बायकांची कामं पुरुषच करायचे.

तो ड्रेस अजून आहे, केंटमधल्या तिच्या स्मॉलहाइदच्या घरी, नीट दुरुस्त करून ठेवलेला. आईला चित्र दाखवलं तं चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिली, म्हणली, "अगं, एवढे पंख एकेक करून कोणी टाकले असतील टाके?"