स्पेक्ट्रमला प्रिंटर जोडला, त्याची गोष्ट

आधी एवढंच सांगतो: सिंक्लेअरच्या जुन्या स्पेक्ट्रम संगणकात मेमरीच्या २३७५४ या पत्त्यावर थेट पोक (बेसिक भाषेतून मेमरीत आकडा टाकणं) करू नका. माझे तीन आठवडे त्यात गेले.

मशीन मामांचं. डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे डेसिबेल्सनं १९८६ मध्ये परवाना घेऊन भारतात आणलेला सिंक्लेअरचा ४८के. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा चादरीचा कारखाना, तिथल्या माळ्यावर तो पडून होता आणि त्याच्याशेजारी एके काळी बिलं छापणारा नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स. म्हटलं, या दोघांची गाठ घालून देऊ.

हार्डवेअर दोन संध्याकाळींत उरकलं. नवी पेठेत ८२५५ चिप (बाहेरच्या उपकरणांशी बोलणारी) मिळाली, ती ३१, ६३, ९५ आणि १२७ या पोर्टांवर बसवली. (सम आकड्यांचे पोर्ट घेऊ नका, ते यूएलएचे, म्हणजे पडदा-कीबोर्ड सांभाळणाऱ्या मशीनमधल्या चिपचे.) मेमरीत ६५००० पासून मशीन कोडमध्ये छोटं रूटीन लिहिलं: प्रिंटरची बिझी लाइन मोकळी होईपर्यंत थांबायचं, अक्षर ठेवायचं, स्ट्रोब (‘घे’ असा इशारा) द्यायचा. पहिल्याच फटक्यात कागदावर अक्षर उमटलं. मी इतका खूश की मामींना बोलावून दाखवलं.

आता प्रिंटरची ओळख बेसिकला करून द्यायची होती. स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक उपकरण म्हणजे एक चॅनेल, आणि चॅनेल म्हणजे तक्त्यातले पाच बाइट: दोन अक्षर बाहेर पाठवणाऱ्या रूटीनच्या पत्त्याचे, दोन आत घेणाऱ्या रूटीनचे, एक नावाच्या अक्षराचा. के, एस, आर, पी असे चार आधीच असतात आणि त्यांच्यामागे १२८ हा आकडा, तक्ता संपल्याची खूण. ओपन आज्ञेला माझं ‘सी’ अक्षर दिलं तर ‘इनव्हॅलिड फाइल नेम’. तिला के, एस, पी सोडून कुणी माहीतच नाही. मग नोंद हातानंच करायची. तक्ता २३७३४ ला सुरू होतो, चार पंचे वीस, म्हणजे १२८ बसलाय २३७५४ ला. तिथून पुढे मी पाच पोक ठोकले: २३२, २५३ (म्हणजे ६५०००), १९६, २१ (आत घेण्याच्या जागी रॉममधलं, म्हणजे मशीनच्या कायमच्या मेमरीतलं, एररचं रूटीन), ६७ (‘सी’). बेसिकमधून चॅनेलला हाक मारायचा क्रमांक म्हणजे स्ट्रीम; स्ट्रीम ४ साठी २३५८२ मध्ये २१ टाकला, कारण माझी नोंद तक्त्यात एकविसाव्या बाइटपासून. प्रिंट केलं, छापलं!

मग लिस्ट दिलं. पडदा कोरा. रन दिलं तर ‘० ओके’. ऐंशी ओळींचा प्रोग्राम गायब.

कॅसेटवरून पुन्हा लोड केला. प्रोग्राम आला, पण स्ट्रीम ४ वर प्रिंट केलं की मशीन गोठायचं, नाहीतर रीसेट. प्रोग्राम असला की प्रिंटर नाही, प्रिंटर असला की प्रोग्राम नाही. असला लपंडाव बघून कुणालाही वाटेल, कुठंतरी लूज आहे. मी एज कनेक्टरच्या पट्ट्या खोडरबरनं घासल्या, सोल्डरिंग दोनदा काढून केलं, पॉवर सप्लाय बदलला. नव्या कनेक्टरसाठी कुरिअरची आठ दिवस वाट पाहिली. तो आल्यावर लपंडाव जसाच्या तसा. मे महिना, माळ्यावर पत्रा, मामी जिन्यातून हाक मारायच्या, “अजून तेच करायलास का रे?”

शेवटी चिडून वही घेतली आणि २३७५४ पासून एकेक बाइट पीक करून (वाचून) लिहून काढला. २३७५५ ला बेसिकचा प्रोग्राम सुरू होतो: आधी दोन बाइट ओळीचा क्रमांक, मग दोन ओळीची लांबी. माझा पहिला पोक समाप्तीच्या खुणेवर बसला होता आणि उरलेले चार बरोब्बर या चार बाइटांवर. क्रमांकाचा पहिला बाइट ६४ च्या आतला असावा लागतो, माझा २५३. बेसिकनं तो बघितला आणि प्रोग्राम संपला असं धरलं. आणि पुन्हा लोड केलं की प्रोग्राम माझ्या चॅनेलवर येऊन बसायचा. सोल्डरिंग पहिल्या दिवसापासून चांगलं होतं, याचाच जास्त राग आला.

उपाय रॉममध्येच आहे. प्रोसेसरच्या एचएल रजिस्टरमध्ये प्रोगची (२३६३५ मध्ये ठेवलेला, प्रोग्राम सुरू होण्याचा पत्ता) किंमत उणे एक, बीसी रजिस्टरमध्ये ५, आणि ५७१७ ला कॉल. हे रूटीन पुढचं सगळं पाच घरं सरकवतं आणि चौदा पॉइंटरही नीट करतं. मग एचएल एकनं वाढवून तेच पाच बाइट लिहायचे.

आठवतील तशा आणखी गोष्टी. न्यू दिलं की चॅनेल जातं. रूटीन मात्र राहतं, आधी क्लिअर ६४९९९ (त्यापुढची मेमरी राखून ठेवणारी आज्ञा) केलं असेल तर. इंटरफेस वन (सिंक्लेअरचंच जोडयंत्र) वापरात असेल तर तक्ता ५८ बाइट पुढं जातो, म्हणून २३७३४ हा आकडा पाठ करू नका, २३६३१ मधून वाचा. आणि स्ट्रीम बंद करायला क्लोज आज्ञा वापरू नका. ती ज्या यादीत अक्षर शोधते तिला शेवटची खूणच नाही, त्यामुळं ‘सी’ शोधत ती भरकटते. २३५८२ आणि २३५८३ मध्ये शून्य टाकलं की झालं.

मामांना दाखवायला अख्खा प्रोग्राम स्ट्रीम ४ वर लिस्ट केला. ‘प्रिंट’ या शब्दाच्या जागी प्रत्येक ओळीत एक तिरका इंग्रजी ‘यू’. मामांनी कागद उजेडात धरला. “ही कुठली नक्षी म्हणायची?” प्रिंट म्हणजे बेसिकमध्ये २४५ हा एकच बाइट, आणि प्रिंटरच्या तक्त्यात २४५ ला तिरका ‘यू’. रूटीनच्या सुरुवातीला १६५ आणि वरचे बाइट (बेसिकचे असे शब्द) वेगळे काढले, १६५ वजा करून रॉममधल्या शब्द छापणाऱ्या रूटीनकडे, ३०८८ वर, पाठवले. आता पूर्ण शब्द येतात. तो नक्षीचा कागद मामांनी कारखान्यात भिंतीला चिकटवलाय.