साधी गाठ

बुधवार, रात्री साडेअकरा.

"गर्भाशयात साधीच गाठ आहे मॅडम, लिंबाएवढी," एवढे बोलून डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट पाकिटात घातला आणि बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला. नौपाड्यातून तलावपाळीपर्यंत चालत आले, तरी तो 'साधी' शब्द काही सुटेना. वरण साधे असते, साडी साधी असते. जिच्यापायी हिमोग्लोबिन ८ वर आले आणि महिन्यातले चार दिवस खुर्चीवरून उठताना मागे वळून पाहावे लागते, ती गाठही साधीच? कर्करोगाची नव्हे एवढाच त्याचा अर्थ, हे मला कळते. आईलाही त्या वेळी हेच सांगितले होते. पण ते राहू दे.

वर्षानुवर्षे फळ्यावर काढलेले पेशी-संदेशवहनाचे बाण आज पाकिटाच्या पाठीवर स्वतःसाठी काढले. अशी प्रत्येक गाठ, म्हणजे फायब्रॉइड, गर्भाशयाच्या स्नायूतील एकाच पेशीपासून सुरू होते. अशा सुमारे ७० टक्के गाठींत मेड-१२ या जनुकात बदल झालेला असतो, हे फिनलंडच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. पण खरी गंमत पुढे आहे. गाठीतल्या मूलपेशींवर, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्यांच्यावर, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचा निरोप पकडणारे ग्राही फार थोडे असतात. संप्रेरकांचा निरोप शेजारच्या प्रौढ पेशींना पोचतो, त्या विंट नावाची प्रथिने सोडतात, आणि त्यामुळे मूलपेशीतले बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात शिरून तिला वाढायला लावते. शिवाय टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाच्या इशाऱ्याने कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साचत जाते, म्हणून गाठ टणक होते. थोडक्यात, जिला स्वतःला धड ऐकू येत नाही, तिला शेजारणी चिथवतात. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा याहून वेगळी नसते.

हे सगळे साधे? पण दारात वीस बायका ताटकळत असताना डॉक्टरांनी विंटचे पुराण कुठे लावावे? आणि "मुलींनो, ही अगदी साधी प्रक्रिया आहे," असे वर्गात मी तरी किती वेळा म्हटले असेन.

पाळी गेल्यावर बहुतेक गाठी आक्रसतात, म्हणजे अजून चारपाच वर्षे हिच्यासोबत काढायची. मघाशी वहिनींचा फोन आला. "काय निघालं?" "काही नाही हो, साधीच गाठ आहे," मी म्हणाले, आणि माझे मलाच कसेसे झाले.

लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबाच्या सरबताबरोबर चांगली, असे बजावले आहे. लिंबाएवढ्या गाठीवर लिंबाचाच उतारा. घरात मात्र आज एकही लिंबू नाही.