वल्ह्याचं बारसं

माझं नवं वल्हं तीन आठवडे बैठकीच्या कोपऱ्यात छत्र्यांशेजारी उभं होतं, आणि घरात जो तो त्याला वेगळं काहीतरी म्हणत होता. सासूबाई म्हणायच्या "तुझी ती भातवाढी", लेक म्हणायची "पॅडल", कामाला येणाऱ्या दीदी "भाभी का चप्पू". मी नुसतं "ते". गेल्या रविवारी त्याला नाव मिळालं, आणि ते इतकं मनासारखं मिळालं की आज लिहायला बसलेच.

वल्ह्याला नाव कशाला हवं, असं मलाही आधी वाटायचं. पण मार्चमध्ये नर्मदेकाठच्या महेश्वरला किल्ल्याच्या घाटासमोर माझं जुनं वल्हं हातून सुटलं. अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ दांडा, प्लास्टिकचं पातं. दांड्याच्या टोकाचं बूच सैल झालेलं होतं, पाणी आत शिरलं आणि ते उभ्याचं उभं खाली जायला लागलं. मी ओरडले, "अहो ते गेलं, ते गेलं!" कनूमध्ये, म्हणजे आमच्या लांबट निमुळत्या होडीत, पुढे माझी नणंद बसली होती. वन्संना वाटलं माझी टोपी उडाली. त्या पाण्यावर टोपी शोधत राहिल्या आणि वल्हं त्यांच्या डाव्या हाताशी बुडालं. हात लांबवला असता तर सापडलं असतं. परत येताना त्या एकट्या वल्हवत होत्या, मी मागे रिकाम्या हातांनी बसले होते. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वल्ह्याला हाक मारता येईल असं नाव ठेवायचं.

नवं वल्हं लाकडाचंच हवं होतं. जुन्या इंदुरात दारं-खिडक्या करणारे एक सुतारकाका आहेत, त्यांच्याकडे खाकी कागदावर आकार काढून घेऊन गेले. हा आकार पाणमांजराच्या शेपटीसारखा असतो. पातं लांब आणि निमुळतं, दांड्याजवळ सगळ्यात रुंद. खोल, संथ पाण्यात ते आवाज न करता आत जातं आणि आवाज न करता बाहेर येतं. माप घ्यायची रीत साधी आहे. पाटावर ताठ बसायचं, पाटापासून नाकापर्यंतची उंची मोजायची, तो दांडा. माझा 29 इंच भरला. पातं 25 इंच. एकूण 54. अंग देवदाराचं, वजनाला हलकं, आणि मधोमध तुनीच्या लाकडाची एक लालसर पट्टी.

काकांचं काम बघत मी दोन दुपारी तिथे बसले होते. रंधा मारून झाला की ते पातं ट्यूबलाइटसमोर आडवं धरायचे, एक डोळा मिटून कडेवरून नजर फिरवायचे, आणि जिथे कड जाड वाटेल तिथे अंगठ्याच्या नखाने खूण करायचे. पेन्सिल कानावरच राहायची. मुठीवर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. माझा हात घेऊन मुठीवर ठेवायचे, काढायचे, पॉलिश पेपर मारायचे, पुन्हा ठेवायचे. मुठीला व्हार्निश लावू नका असं मीच सांगितलं, कारण व्हार्निशने तळहाताला फोड येतात. घरी आणून मी जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, दर दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ देऊन. (तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. मी ते दोरीवर पसरून वाळवले.)

आता नावाचं. मराठीत आपल्याकडे गंमतच आहे. नाव म्हणजे होडी ती 'ती नाव', आणि हाक मारायचं ते 'ते नाव'. वल्हंही 'ते'. नपुंसकलिंगी वस्तूला नाव द्यायचं म्हणजे शोभेल काय? मला आधी 'पाणमांजर' सुचलं. आकार तोच, लिंगही तेच. पण बुडणाऱ्या वल्ह्यामागे "पाणमांजर, पाणमांजर" ओरडून बघितलं गच्चीवर, दमच लागला.

मग वन्संनी 'रेवा' सुचवलं, म्हणजे नर्मदाच. मला पटलंही होतं. आमच्या नळाला येणारं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसून आणलेलं नर्मदेचंच, म्हणजे वल्हं घरी धुतलं तरी रेवेतच. सासूबाईंनी मोडता घातला. "खडकाला रेटशील, पायाखाली टाकशील, चिखलात रोवशील. रेवेला पाय लावणार आहेस का?" मग 'अहिल्या' तर बोलायलाच नको, या गावात ते नाव आधी हात जोडून घेतात. सासूबाईंचं बरोबर होतं. माझ्या माहेरी थोरल्या दादाला आजोबांचं नाव ठेवलं होतं, आणि आजोबांच्या नावाने रागवायचं कसं म्हणून सगळं घर त्याला 'बाळ' म्हणत राहिलं. पन्नाशीतही तो बाळच आहे. पूज्य नाव रोजच्या वापराला जड पडतं.

एक गोष्ट मला सहस्रधारेने शिकवली होती. महेश्वरच्या खाली नर्मदा खडकांतून असंख्य धारांनी फुटते, 2023च्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतली कनू स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यातली कनूची शर्यत, तिथेच झाली. मी काठावर उभी राहिले आहे तिथे. पाण्याच्या आवाजात माणसाच्या शब्दांतली व्यंजनं विरून जातात. ऐकू येतो तो फक्त लांबवलेला स्वर. म्हणजे नाव असं हवं की 'आ'ने उघडेल आणि 'ई'वर लांबवता येईल.

आणि मग ते नाव समोरच्या काठावरूनच आलं. आमची कनू महेश्वरला एका नावाड्याच्या अंगणात ठेवलेली असते. रविवारी नवं वल्हं घेऊन गेलो, तर त्यांनी ते उलटसुलट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "आज उधर जाओगे, नावड़ाटोड़ी?" नावडाटोडी म्हणजे पलीकडच्या तीरावरची वस्ती, नावाड्यांची टोळी. 1952-53 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी महेश्वर आणि नावडाटोडीला उत्खनन केलं, तेव्हा तिथे ताम्रपाषाण काळातली घरं आणि लाल मातीवर काळी नक्षी काढलेली भांडी निघाली. इतक्या जुन्या काळापासून माणसं या पाण्याच्या दोन्ही काठांना राहत आली आहेत, ही गोष्ट मला दर वेळी वल्हवताना आठवते. पण त्या दिवशी सासूबाई सोबत होत्या, आणि त्यांच्या कानाला ऐकू आली ती मराठीतली 'नावड'.

"नावडीच्या गावाला निघालात," त्या घाटाच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "मग हिला आवडी म्हणा."

वन्सं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आवडी. जुनं, घरातलं नाव, माझ्या आजीच्या पिढीत दर वाड्यात एक तरी आवडी असायची. पाय लागला तरी रुसणार नाही. पात्याला साजेसं, तोंडाला हलकं. मी तिथल्या तिथे नदीवर हाक मारून पाहिली, "आवडीऽऽ". पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांनी मान वर करून बघितलं, म्हणजे पोचलं.

त्या दिवशी नदी ओलांडून गेलो आणि आलो. वल्ह्याच्या दर फटक्याच्या शेवटी पातं किंचित बाहेर वळवलं की कनूचं नाक सरळ राहतं. जुन्या वल्ह्याने हे करताना मनगट दुखायचं. आवडीला ते सांगावं लागलं नाही.

घरी आल्यावर मामंजींनी कागदावर मोडीत नाव लिहून दिलं. त्यांना मोडी येते, तरुणपणी हौसेने शिकलेले. मोडीत इकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, आणि हात न उचलता अक्षरं ओढत जायचं. मी तापवलेल्या टोचणीने दांडा आणि पात्याच्या सांध्यावर ते गिरवलं. 'व'शी हात थोडा थरथरला, तिथे रेघ जाड झाली आहे. सासूबाईंनी घुगऱ्या केल्या, बारसं म्हटलं की घुगऱ्या हव्यातच. शेजारी वाटीवाटी देऊनही आल्या.

काल संध्याकाळी पाऊस आला. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "अगं, आवडी ओसरीवर राहिली, भिजेल ती, आत घे."