आमची वाटचाल : चावीच्या टपरीपासून गाडीच्या लॉकपर्यंत

वडिलांची रत्नागिरीत चावीची टपरी होती. कुलपं, सायकली, लोखंडी कपाटं, एवढाच पसारा. १९८३ साली मारुती ८०० आली आणि हळूहळू आमच्याकडेही दिसायला लागली, तशी गाडीची कामं येऊ लागली. वडील कोरी चावी लॉकमध्ये घालून पिळायचे, तिच्यावर उठलेल्या बारीक खुणा उजेडात धरून बघायचे आणि तेवढंच कानशीनं घासायचे. मी शिकलो ते तिथंच, बाजूला उभं राहून. पुढे टपरीचा गाळा झाला, चावी कापायचं मशीन आलं.

पण आमचं नाव झालं ते चाव्यांमुळे नव्हे, जाम लॉकमुळे. त्याचं श्रेय कोकणच्या हवेला. खारा वारा, चार महिने पाऊस आणि तो सरला की जांभ्याची लाल धूळ. लॉकची बॅरल, म्हणजे चावी जिच्यात घालून फिरवतो ती नळी, बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची, आत पितळी पत्त्या आणि प्रत्येक पत्तीखाली नखावर मावेल एवढी स्प्रिंग. ओल मुरली की जस्तावर पांढरी भुकटी धरते. एक पत्ती खाचेत अडकली तरी चावी फिरत नाही. माणूस मग जोर लावतो, आणि आमच्याकडे येतो तो अर्धी चावी हातात घेऊन.

त्याआधी खोबरेल घालून झालेलं असतंच! पहिले काही दिवस लॉक छान चालतं, म्हणून उपाय खरा वाटतो. पण तेल धूळ धरतं. अशी बॅरल उघडली की पत्त्यांच्या फटींत काळपट तांबडा लगदा निघतो, टाचणीनं कोरून काढावा लागतो. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत तयार झालेलं औषध पाणी हटवायला आणि गंज सुटा करायला उत्तम, पण वंगण म्हणून बॅरलमध्ये ते फार टिकत नाही.

आमची पद्धत साधी आहे, वेळखाऊ आहे. आधी क्लीनरचा फवारा, मग हवेचा झोत. चावी आतबाहेर करायची, दर वेळी फडक्याला पुसायची. फडकं स्वच्छ निघेपर्यंत हेच. पूर्ण वाळल्यावर ग्राफाइटची चिमूटभर पूड किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे. आत तेल राहिलेलं असताना ग्राफाइट टाकलं तर त्याचीच पेस्ट होते. दाराच्या कडेचा खटका मात्र वेगळा, त्याला ग्रीसच हवं. गिऱ्हाईक नेमकं उलट करून येतं. त्याच वेळी दाराच्या तळाची पाणी निचरायची भोकंही मोकळी करतो. ती बुजली की आतली ओल हटत नाही.

रिमोट आले तेव्हा ओळखीचे म्हणाले, आता तुमचं दुकान बसलं. झालं उलटंच. रिमोटमुळे चावी भोकात जातच नाही, वर्षानुवर्षं न फिरलेलं लॉक आतल्या आत धरतं. गणपतीला चाकरमानी गावी येतात, पावसाळाभर मांडवात उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली, रिमोट मुका, आणि चावी फिरेना. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमचा फोन खाली ठेवायला मिळत नाही. काच फोडायला निघालेल्याला थोपवणं, हेही आमच्या कामातच धरा.

सेन्सरच्या चाव्यांचं प्रोग्रॅमिंग आता मुलगा बघतो. बॅरल अजून मीच उघडतो. जी साफ होऊन चालते ती बदलायची नाही, हा वडिलांचा नियम. धंद्याच्या हिशेबात तो बसत नाही, पण दूरदूरची माणसं त्याच्यामुळेच येतात.

येणार असाल तर जास्तीची न वापरलेली चावी शोधून आणा. रोजची चावी झिजलेली असते, तिच्यावरून काढलेली नक्कलही झिजलेलीच निघते. सोबत आरसी बुक आणि ओळखपत्र. ते पाहिल्याशिवाय आम्ही गाडीची चावी बनवत नाही, ओळखीच्यालाही.