कॅन्टीनभर पाणी

रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढत होतो, पाऊस लांबलेला, उन्हाने घसा कोरडा पडलेला आणि बाटली अर्ध्या वाटेतच संपली. वर देवटाक्याचं गार पाणी प्यायलो तेव्हा डोक्यात सारखा पीटर थॉम्पसन येत होता.

थॉम्पसन हा अमेरिकेच्या सातव्या कॅव्हलरीतला (घोडदळातला) साधा शिपाई, मूळचा स्कॉटलंडचा. २५ जून १८७६, लिटल बिगहॉर्न नदी, समोर लाकोटा आणि शायेन या तिथल्या मूळ रहिवासी जमाती. या घोडदळाचा प्रमुख कस्टर, त्याच्याबरोबर गेलेले दोनशेच्या वर लोक सगळे मारले गेले, हा त्याच तुकडीतला, पण घोडा दमला म्हणून मागे राहिला आणि वाचला. मग तो टेकडीवर अडकलेल्या, त्याच घोडदळातल्या मेजर रेनोच्या लोकांना जाऊन मिळाला. तिथे साधारण साडेतीनशे माणसं, चारी बाजूंनी वेढा, जून महिन्याचं ऊन आणि पाणी संपलेलं. जखमी लोक पाणी पाणी करतायत आणि नदी समोर खाली दिसतेय!

दुसऱ्या दिवशी काही जण कॅन्टीन (शिपायांच्या पाण्याच्या बाटल्या) आणि किटल्या घेऊन घळीतून उतरले. घळीत तरी आडोसा होता, पण शेवटचा टप्पा उघडा, तिथून नदीपर्यंत धावायचं, भरायचं आणि गोळ्यांतून परत यायचं. त्यांना कव्हर द्यायला चार नेमबाज वर टेकडीवर उघड्यावर उभे राहिले. थॉम्पसनच्या हाताला गोळी लागली, सार्जंट नको म्हणत होता तरी हा अजून दोनदा खाली गेला आणि पाणी घेऊन आला. पहिल्यांदा माणूस जोशात जाईलही हो, पण गोळी खाऊन परत त्याच घळीत उतरायचं म्हणजे काय! मला तर ही कस्टरच्या चढाईपेक्षा कितीतरी मोठी बहादुरी वाटते.

आणि हेही सांगायलाच हवं की समोरचे लाकोटा आणि शायेन स्वतःच्या बायकापोरांसाठी लढत होते, ब्लॅक हिल्स या डोंगररांगा १८६८ च्या करारात लाकोटांना दिलेल्या, १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि सरकारने शब्द फिरवला. त्यांचं शौर्य तसूभरही कमी नाही.

या लढाईसाठी २४ जणांना मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं, थॉम्पसनला आणि त्या चार नेमबाजांनाही. माईक मॅडनला मात्र नाही मिळालं. तोही पाण्यालाच गेला होता, पायात गोळी लागली आणि जिवंत उरलेल्या एकुलत्या एका डॉक्टरने तिथेच टेकडीवर त्याचा पाय कापला.